बाहेरचं ऑइल

उरायासु
९ ऑक्टोबर २००६

ती. जयमालाताईंना स्वरूपाचा नमस्कार.

ईमेलमधलं रोमन अक्षरांतलं मराठी तुम्हाला वाचवत नाही, आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून पत्र. तुम्ही माझी नणंद, देवदत्तची मोठी बहीण आहात हे क्षणभर बाजूला ठेवा. ट्रॉम्बेच्या लॅबमध्ये इतकी वर्षं इंजिन ऑइल तपासणाऱ्या बाईंना मी हे लिहिते आहे.

माझी गाडी गेली. ती इथल्या छोट्या गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटची टर्बो गाडी, बेंतोच्या कारखान्यात पार्ट-टाइम जेवणाचे डबे भरून मी घेतलेली, अडीच वर्षांपूर्वी, नवी कोरी. नुसती गाडी गेली असती तर तुम्हाला एवढा त्रास दिला नसता. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर नयना राहते, नाशिकची. सातवा महिना चालू होता. तिचा नवरा संजीव टोकियोत एका बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. तिला जपानी येत नाही, म्हणून प्रत्येक तपासणीला मी तिला घेऊन जायची. इथल्या नव्याने आलेल्या बऱ्याच जणींना मीच नेते; डॉक्टरशी बोलायलाही कोणीतरी लागतं.

गेल्या मंगळवारी आम्ही नदीवरच्या पुलावर चढलो आणि ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घ्यायच्या आत खालून लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला आणि इंजिन आवळलं. पुन्हा फिरलंच नाही. मागे ट्रक थांबले, भोंगे सुरू झाले. नयना माझा हात धरून म्हणाली, "स्वरूपा, मला खाली ओलं लागतंय."

ॲम्ब्युलन्स बोलावली. पूल तुंबलेला, तिला यायला वेळ लागला. संध्याकाळी मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये संजीवने मला विचारलं, "वहिनी, गाडीचं ऑइल तुम्ही घरीच बदलता ना?" बस, एवढंच. मी एकदाच बदललं होतं, गाडी नवीन असताना, इमारतीच्या पार्किंगमध्ये. तेव्हा सगळ्यांनी चेष्टाही केली होती. नंतर डीलरनेच मेंटेनन्स पॅक दिला, आगाऊ पैसे भरायचे आणि ऑइल, फिल्टर सगळं त्यांनी बघायचं. तेव्हापासून मी हात लावलेला नाही.

काल डीलरकडे गेले. सर्व्हिस मॅनेजर ओकाबे-सान अत्यंत नम्रपणे म्हणाले, "बेहेरे-सान, तुम्ही एकदा बाहेरचं ऑइल घातलं होतं. त्यामुळे इंजिनाची वॉरंटी लागू होत नाही." हे त्यांना कळलं कसं? मीच सांगितलं होतं, त्यांनी विचारलं तेव्हा.

ताई, मला एकच सांगा. ते एकदा घातलेलं ऑइल दोन वर्षांनी इंजिन खाऊ शकतं का? पुलावर जे झालं ते माझ्यामुळे झालं का?

तुमची
स्वरूपा


चेंबूर
१९ ऑक्टोबर २००६

चि. स्वरूपा,

आशीर्वाद. चकलीची भाजणी तशीच ठेवून लिहायला बसले आहे. दिवाळी काय, होईल.

आधी नयनाच्या मुलीबद्दल. सातव्या महिन्यात कळा सुरू होतात त्या इंजिनामुळे होत नाहीत. गाडी धडधाकट असती तरी त्या दिवशी ते झालंच असतं, फक्त तू पुलापलीकडे असतीस. संजीवला आत्ता कोणावर तरी रागवायला हवं आहे. रागवू दे.

आता तुझा प्रश्न. तू कोणतं ऑइल घातलं होतंस? डब्यावर काय लिहिलं होतं? तू पुण्यात इंजिनं टेस्ट करत होतीस, तू भलतंच काही ओतलं असशील यावर माझा विश्वास नाही. पण माझा विश्वास तिथे कामाचा नाही. पुरावा हवा.

वॉरंटीचं पुस्तक ओळन् ओळ वाच. या बाबतीत साधारण दोन गोष्टी बघतात: ऑइल ठरलेल्या दर्जाचं होतं का, आणि ते वेळेवर बदललं का. बदलणारे हात कोणाचे, ही अट असेल तर ती छापलेली असली पाहिजे. छापलेली नसेल तर ओकाबे-सान कितीही वाकून बोलले तरी ती अट नाही.

आणि इंजिनात आत्ता जे ऑइल आहे ते त्यांनी फेकून द्यायच्या आत त्यातलं थोडं मिळव. त्यांच्या माणसासमोर काढ, दोन बाटल्यांत भर, एक त्यांना दे. मला पाठवू नकोस. पोस्ट घेणार नाही, आणि घेतलं तरी मुंबईच्या बाईचं मत त्यांना नको असेल. तिथेच एखादी लॅब शोध. टर्बो गाडीला ऑइल चांगलंही लागतं आणि वेळेवरही लागतं. त्यातलं काय चुकलं ते ऑइल स्वतः सांगेल.

मागे हटू नकोस.

जयमाला


उरायासु
१ नोव्हेंबर २००६

ती. जयमालाताई,

सा. न.

पुस्तक वाचलं. एखादं कांजी अक्षर अडलं की आमच्या ओवीच्या शाळेचा शब्दकोश, आणि तरी अडलं तर वाचनालयातल्या बाई. "फक्त आमच्याकडेच ऑइल बदला" असं कुठेही नाही. तुम्ही लिहिलं तेच आहे: दर्जा आणि मुदत. मी घातलेलं ऑइल पुस्तकात दिलेल्याच दर्जाचं होतं. डबा अजून बाल्कनीत आहे, त्यात कढीपत्ता लावला आहे.

ते पान उघडून ओकाबे-सानसमोर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, पुन्हा दोन्ही हातांनी परत दिलं. म्हणाले, "पुस्तकात सगळं लिहिता येत नाही."

मी म्हटलं, "मग इंजिन उघडा. आत काय झालंय ते दोघं मिळून बघू."

"उघडलं आणि चूक तुमची निघाली, तर सगळा खर्च तुमच्याकडे येईल."

"आणि तुमची निघाली तर?"

त्यावर त्यांनी दात-ओठांमधून हवा आत ओढली. इथे तो नकार असतो. ऑइलचा नमुना मात्र नाही म्हणता म्हणता मिळाला. त्यांच्या मेकॅनिकने माझ्यासमोर दोन बाटल्या भरल्या. काळं, घट्ट, शिळ्या काकवीसारखं. वास घेतला आणि पुण्यातले, इंजिनांच्या टेस्ट सेलमधले दिवस आठवले.

एदोगावा वॉर्डात एक छोटी लॅब सापडली, कारखान्यांच्या यंत्रांतली तेलं तपासणारी. कुरिहारा-सान म्हणून गृहस्थ ती चालवतात. मी इतके प्रश्न विचारले की त्यांनी शेवटी मलाच विचारलं, "तुम्ही कुठे काम करता?" मी म्हटलं, बेंतोमध्ये. त्यांना ती गंमत वाटली असावी.

बाळ श्वास आपला आपण घेतं आहे. मी रोज काचेबाहेरून बघून येते. संजीव असला की मी खालीच थांबते.

एक सांगायचं राहिलं. देवदत्त यात माझ्या बाजूला नाही, ताई. डीलरचं नाव काढलं की तो विषय बदलतो. परवा म्हणाला, "सोड ना स्वरूपा. एखादी जुनी गाडी घेऊ." मी विचारलं, "तुला वाटतं का माझं चुकलं?" तो कचरा वेगळा करायला उठला. तो कधीच कचरा वेगळा करत नाही. जेवताना ओवी जपानीत म्हणाली, "मामा नो सेइ जा नाइ." आईमुळे नाही झालेलं. सात वर्षांच्या मुलीला जे म्हणता आलं ते त्याला म्हणता आलं नाही.

ओकाबे-सानकडे पुन्हा जाणार आहे. ते किती वेळा हवा ओढतात तेच बघायचं आहे.

स्वरूपा


चेंबूर
१३ नोव्हेंबर २००६

चि. स्वरूपा,

आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर मी पुन्हा विचार केला. ऑइलचा विषय वाटतो तितका सरळ नसतो. डब्यावर दर्जा तोच छापलेला असला तरी वेगवेगळ्या कंपन्यांची मिश्रणं वेगळी असतात, आणि एकावर दुसरं पडलं की कधी कधी आत साका धरतो. तो हळूहळू वाढतो. म्हणजे त्या एका वेळच्या ऑइलचा काहीच संबंध नाही असं छातीठोक म्हणता येणार नाही.

परक्या देशात दुकानदाराशी भांडून काय मिळणार? देवदत्तवर कामाचा ताण असेल. हे सोडून दे आणि दुसरी गाडी घ्या.

ओवीला पापा.

जयमाला


उरायासु
२४ नोव्हेंबर २००६

ती. जयमालाताई,

सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून मी गाडी चालवलेली नाही. शेजारच्या रेखाने तिची गाडी देऊ केली होती, गर्भवती बायकांना न्यायला. मी नाही म्हटलं. हात थरथरतात.

तुम्ही म्हणता म्हणजे असेल. तुमच्याइतकं ऑइल मला कळत नाही. म्हणजे पार्किंगमध्ये हौसेने गाडीखाली शिरून मी जे केलं त्याचा साका धरत गेला, आणि तो पुलावर नयनाच्या वाट्याला आला.

तीन-चार दिवस मी हेच घोळवत बसले. मग वाटलं, असं असेल तर ते मला नीट बघितलं पाहिजे. "छातीठोक म्हणता येणार नाही" या वाक्यावर मी उरलेलं आयुष्य काढू शकत नाही. चूक माझी असेल तर ती मला डोळ्यांनी दिसली पाहिजे, आणि मग मी स्वतः नयनाच्या समोर बसून तिला सांगेन. दुसऱ्या कोणाकडून तिला कळायला नको.

म्हणून काल डीलरकडे गेले आणि ओकाबे-सानना म्हटलं, "वॉरंटीचा विषय बाजूला ठेवा. इंजिन उघडायचा खर्च मी देते. फक्त माझ्यासमोर उघडा." बेंतोचे पैसे साठवलेले आहेत. ते म्हणाले, "का?" मी म्हटलं, "मला कळायला हवं." पहिल्यांदाच त्यांनी हवा ओढली नाही. १६ डिसेंबरचा शनिवार दिला आहे.

कुरिहारा-सानचा निष्कर्ष अजून यायचा आहे. तेही त्या दिवशी येणार आहेत. मी संजीवलाही बोलावलं आहे. तो नुसता "बरं" म्हणाला.

देवदत्तला सांगितलं. तो ताडकन उभा राहिला. "उघडणार? कोणासमोर?" एवढंच विचारलं आणि आतल्या खोलीत गेला.

ताई, तुम्ही रागावलात का माझ्यावर? आधीच्या पत्रात "मागे हटू नकोस" होतं. या पत्रात तुमचा आवाजच नव्हता.

स्वरूपा


चेंबूर
४ डिसेंबर २००६

स्वरूपा,

हे पत्र जलद पोस्टाने टाकते आहे. १६ तारखेच्या आत तुला मिळायलाच हवं.

माझ्या मागच्या पत्रातलं ऑइलबद्दलचं एक अक्षरही खरं धरू नकोस. नव्या गाडीत एकदा घातलेलं योग्य दर्जाचं ऑइल, त्यानंतर चार वेळा बदललं गेलं असेल तर, दोन वर्षांनी इंजिन जाळत नाही. माझ्या लॅबमधल्या पोरांनी असं लिहिलं असतं तर मी कागद फाडला असता. मी ते लिहिलं, कारण देवदत्तचा फोन आला होता.

ज्या डीलरशी तू भांडते आहेस तो ज्या ग्रुपचा आहे, त्याच ग्रुपच्या सगळ्या दुकानांचं सॉफ्टवेअर देवदत्तची टीम करते. मार्चमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट नव्याने व्हायचं आहे. त्यावर त्याचा व्हिसा, त्यावर तुमचं घर, ओवीची शाळा. त्याला वाटलं, तुला हे सांगितलं तर तू त्याच्यासाठी थांबशील आणि मनातून कधीच माफ करणार नाहीस. म्हणून त्याने मला गळ घातली: "ताई, तुझं ती ऐकेल." आई गेल्यावर त्याला मी वाढवला आहे. तो कधी काही मागत नाही. मागितलं तेव्हा मी विचार केला नाही.

तू हात थरथरतात असं लिहिलंस ते मी कॅन्टीनमध्ये वाचलं. चहा तसाच ठेवून उठले आणि त्याला फोन लावला. सांगितलं, "तू तिला स्वतः सांग. नाहीतर माझं पत्र सांगेल." सांगितलं असेल तर चांगलं. नसेल तर आता तुला कळलं आहे. त्याला तुझं चुकलं असं कधीही वाटलं नव्हतं, एवढं मात्र मी शपथेवर सांगते.

आता कामाचं. तू लिहिलं आहेस तसं ऑइल काळं आणि काकवीसारखं झालं असेल तर ते वेळेवर बदललेलं नाही. पण ते म्हणतील, आम्ही बदललं, कागदावर आहे. कागदाशी भांडू नकोस. फिल्टर बघ. फिल्टर तुंबला की मळकं ऑइल त्याला वळसा घालून तसंच पुढे जातं आणि टर्बोची बारीक नळी बुजते. तुमच्या पॅकमध्ये फिल्टर होता असं तू लिहिलंस. तो खरंच कोणी बदलला का? तू गाडीखाली गेली होतीस तेव्हा फिल्टर कसा होता ते आठव.

आणि गाडी चालव. रेखाची घे. त्या बायका खोळंबल्या असतील.

जयमालाताई


उरायासु
२० डिसेंबर २००६

ती. जयमालाताई,

सा. न.

तुमचं पत्र बाराला आलं. देवदत्तने मला दोन दिवस आधीच सांगितलं होतं. मी ओरडले, त्याने ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "मी थांबू का?" तो म्हणाला, "मला ठरवता येत नाही, आणि मी ठरवूही नये." मी म्हटलं, "मग मी जाते." तुमच्यावरही रागावले होते. आता नाही.

तुमचं फिल्टरचं वाक्य मी दोनदा वाचलं. फिल्टर कसा होता! पुण्यात टेस्ट सेलमध्ये आम्हाला सवय होती. बोल्ट असो की फिल्टर, बसवल्यावर त्याच्यापासून इंजिनाच्या अंगापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. तो कोणी नंतर फिरवला तर रेघ तुटते. पार्किंगमध्ये माझ्याकडे रंग नव्हता. मी घरातून नेलपॉलिश आणलं होतं, गडद मरून. फिल्टर तेव्हा बदलला नव्हता, पहिल्या वेळी बदलायचा नसतो. पण हात सवयीने गेला आणि मी रेघ ओढली. पार विसरले होते.

शनिवारी आम्ही तिघं गेलो, कुरिहारा-सान, संजीव आणि मी. आत जाताना बघते तर देवदत्त दारात उभा, ऑफिसच्या सूटमध्ये. त्यांच्या लोकांना तो ओळखीचा. ओकाबे-सान गोंधळून म्हणाले, "बेहेरे-सान, आज मीटिंग आहे का?" तो म्हणाला, "नाही. ही माझी बायको."

गाडी वर उचलली. कोणी काही उघडायच्या आधी मी म्हटलं, "तुमच्या कागदावर फिल्टर दोनदा बदललेला आहे. पहिल्या फिल्टरवर मी मरून रंगाची रेघ ओढली होती. दोनदा बदलला असेल तर ती आज तिथे नसेल. नसली तर चूक माझी, आणि मी सगळ्यांसमोर माफी मागेन."

ओकाबे-सान म्हणाले, "ऑइल आम्ही वरून ओढून काढतो. खालचं बूच उघडत नाही, त्यामुळे तिथली खूण तशीच राहणार."

"बुचाबद्दल मी बोलतच नाहीये. फिल्टर वरून निघत नाही."

मेकॅनिकने टॉर्च लावून बघितलं. सगळं काजळीने माखलेलं, काही दिसेना. ताई, मी त्या क्षणी खरंच तयार होते, माफीची जपानी वाक्यं पाठ केलेली होती. मग त्याने फडकं घेऊन पुसलं. पुसता पुसता हात थांबला. तो बाजूला झाला आणि टॉर्च ओकाबे-सानच्या हातात दिला.

रेघ होती. फिल्टरपासून इंजिनापर्यंत, न तुटलेली.

कुरिहारा-सानने आपला निष्कर्ष काढून वाचला. नमुन्यातलं ऑइल वर्षभर तरी बदललेलं नव्हतं, त्यातली मळ धरून ठेवणारी द्रव्यं संपून गेलेली होती. मग टर्बोची नळी काढली. आत सुई जाईना.

संजीव पुढे येऊन त्या रेघेकडे वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, नयनाला मी सांगतो. तुम्ही नका सांगू. मी सांगायला पाहिजे."

सोमवारी दुकानाचे मुख्य घरी आले, मिठाईचा खोका घेऊन, ओकाबे-सानसोबत. दोघंही बराच वेळ वाकून उभे होते. नवं इंजिन घालून देतो म्हणाले. पॅकमध्ये गाड्या फार झाल्या होत्या, माणसं कमी, आणि न केलेल्या कामावर केल्याची खूण पडत गेली, हेही सांगितलं. मग म्हणाले, "हे आपल्यातच राहावं."

मी विचारलं, "या पॅकमध्ये आणखी किती गाड्या आहेत? त्यांच्या फिल्टरवर रेघ नाही. त्यांना कोण सांगणार?"

"ते आमचं आम्ही बघू."

"आधी त्या सगळ्यांना बोलावून घ्या. माझं इंजिन नंतर."

मुख्यांनी माझ्याकडून नजर काढून देवदत्तकडे बघितलं. म्हणजे ते माझ्या नवऱ्याशी बोलत नव्हते, आपल्या कंत्राटदाराशी बोलत होते. मला वाटलं, आता हा चहा ओतायला उठेल. तो उठला नाही. म्हणाला, "मी तुमच्या कंपनीचं काम करतो हे मला माहीत आहे. माझी बायको म्हणते तेच माझं म्हणणं आहे." जपानीत म्हणाला, आणि क्रियापदही चुकवलं नाही.

ते गेले. ओवीने मिठाईचा खोका उघडला.

स्वरूपा


उरायासु
१५ एप्रिल २००७

ती. जयमालाताई,

सा. न.

तुमच्या जानेवारीच्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर झाला, कारण मध्ये बरंच काही होत होतं आणि अर्धवट काही लिहावंसं वाटेना.

डीलरने पॅकमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं. मी दर आठवड्याला जाऊन किती गाड्या झाल्या ते विचारायची. ओकाबे-सान मला बघितलं की आधीच उठून उभे राहायचे. आमच्या इमारतीतल्या दोन गाड्यांचे फिल्टर तसेच निघाले, त्यातली एक रेखाची! ज्या गाडीतून मी त्या बायकांना नेत होते ती. तो फिल्टर बघून आल्यावर मला जेवण गेलं नाही. शेवटी माझं इंजिन आलं. पहिल्या दिवशी नयनाला आणि तिच्या लेकीला लशीसाठी घेऊन गेले. मुलगी आता चांगली गुबगुबीत झाली आहे, पूल येईपर्यंत रडत होती आणि पुलावर झोपली.

देवदत्तचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं. पुढे दिलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याच्या टीममधल्या नरेंद्रला मात्र ठेवलं, त्याने येऊन देवदत्तची माफी मागितली, बिचाऱ्याचा काय दोष. पुण्याला परतायचं असं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. ओवीला सांगितलं तर ती तोंड फिरवून "याडा", नाही जायचं, म्हणाली आणि दप्तर घेऊन पलंगाखाली जाऊन बसली.

त्याच आठवड्यात कुरिहारा-सानचा फोन आला. त्यांना लॅबमध्ये इंजिन ऑइलचं काम सुरू करायचं आहे, छोटी गॅरेजं विचारायला लागली आहेत. म्हणाले, "तुम्ही दिवसभर बेंतो भरता हे मला पटत नाही. इंजिनं टेस्ट केलेलं माणूस मला हवं आहे, आणि भांडता येणारं." मी म्हटलं, मला डिपेंडंट, नवऱ्याच्या व्हिसावरचा व्हिसा आहे, पूर्ण वेळ काम करता येत नाही. ते म्हणाले, कागद मी बघतो. त्यांनी बघितले. मला इंजिनिअरचा व्हिसा मिळाला, ताई. सात वर्षांनी. शिक्का बघून मी इमिग्रेशनच्या खिडकीसमोरच उभी राहिले, मागच्या माणसाला पुढे जाता येईना.

काल कामाचा तिसरा दिवस होता. एका गॅरेजमधून आलेला नमुना मी एकटीने तपासला. निष्कर्ष लिहिताना तुमची आठवण झाली. "छातीठोक म्हणता येणार नाही" असं एकदाही लिहिलं नाही.

देवदत्त खाली दोन ओळी लिहितो म्हणतोय.

तुमची
स्वरूपा

ताई,

मी आता तिचा डिपेंडंट आहे. महापालिकेच्या ऑफिसमध्ये कार्ड बदलायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, उलट तर लिहिलं नाही ना? मी म्हटलं, बरोबर आहे. नवीन काम शोधतोय, मिळेल. तोपर्यंत ओवीचा डबा माझ्याकडे आहे आणि ती तो अर्धा परत आणते.

इतकी वर्षं सकाळी मी निघायचो तेव्हा स्वरूपा दारात उभी असायची. मी जिन्यावरून कधी मागे बघितलं नाही, तोझाई लाईनची लोकल पकडायची घाई. गुरुवारी तिचा पहिला दिवस, म्हणून मी दारात उभा राहिलो, ओवीला घेऊन. तिने बूट चढवले, पिशवी खांद्याला लावली आणि भराभरा जिना उतरून गेली. एकदाही वळली नाही. आम्ही मात्र ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे होतो.

देवा